पंचवीस मिनिटांचं नमन

रंगमंचामागे पाणी कुठे मिळेल, हा काकांचा पहिला प्रश्न. चहा नको, खुर्ची नको. तांब्याभर पाणी आणि मांडी घालायला चार हात जागा. पिशवीतून त्यांनी गव्हाच्या पिठाची पुडी काढली, स्टीलच्या ताटलीत ओतली आणि वायरींच्या वेटोळ्यांशेजारी बसून कणीक मळायला घेतली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक स्वयंसेवक थबकला. "काका, जेवणाची सोय आहे तुमची." काका हसले आणि शेजारच्या मृदुंगावर हात ठेवत म्हणाले, "ही माझी नाय बाबू, ह्याची."

मृदुंगाच्या उजव्या तोंडावर शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, मात्र दर वेळी ओल्या कणकेचा लेप द्यावा लागतो. लेप जाड झाला की आवाज खाली उतरतो, पातळ राहिला की घुमत नाही, वाळला की धुमा पत्र्यासारखी बोलते. रात्रभराच्या कार्यक्रमात काका दोन-तीनदा पाण्याचा हात फिरवून तो ओला ठेवतात. गावात त्याला कुणी काही म्हणत नाही. इथे रंगमंचावर प्रखर दिवे होते, मोठे पंखे होते, आणि मध्ये थांबायला जागा नव्हती. म्हणून त्यांनी कणीक नेहमीपेक्षा सैल मळली. एका हातात ताटली तिरपी धरून ते तिची ओल बघत राहिले.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीचं हे नमन मंडळ. बावीस माणसं, दोन मृदुंग, झांजा, एक कीबोर्ड आणि पोशाखाच्या दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन दुपारीच टेम्पोने रत्नागिरीत आलं होतं. लोककला महोत्सव होता. कोळीनृत्य होतं, सिंधुदुर्गातून दशावतार आला होता, जाखडीचे दोन संघ होते. प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली. नमनाला पंचवीस मिनिटं.

ज्यांनी गावातलं नमन पाहिलं आहे, त्यांना या आकड्याचं वजन लगेच कळेल. देवळासमोर किंवा खळ्यात रात्री सुरू झालेलं नमन कोंबडा आरवेपर्यंत चालतं. आधी नमनं: धरतीपासून ग्रामदेवतेपर्यंत एकेकाला वंदन करत जायचं. यावरूनच या खेळाला नमन हे नाव. मग गणपतीचं सोंग आणि गण. मग गौळण, तिच्यात पेंद्या आणि मावशी. पुढे काळ्या पेहरावातला, उंच टोकदार टोपी घातलेला, कमरेला घुंगरं बांधलेला संकासूर. लुगडं नेसून नाचणारी गोमू. दहा तोंडांचा रावण. आणि शेवटी वग. मंडळाला वेळेची ओढ नसते, बघणाऱ्यालाही नसते. मध्येच कुणी घरी जाऊन झोपलेल्या पोराला पांघरूण घालून येतो आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा बघायला लागतो.

यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, यावर वाडीतल्या देवळात तीन रात्री बैठक झाली होती. तरुण पोरांचं म्हणणं सरळ होतं: शहरातले लोक संकासूर आणि गोमू बघायला येतात, तेव्हा त्यांनाच वेळ द्यावा; नमनं दोन ओळींत आटपावीत. गोमूचं काम करणारा मुलगा एरवी रिक्षा चालवतो. तो म्हणाला, "काका, पाच मिन्टं नुसतं वंदन केलं तर मानसं मोबाइल काढतात." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि काकांनी ते नाकारलंही नाही. त्यांनी वग गाळायला होकार दिला. रावण गाळला. मावशीचे विनोद अर्ध्यावर आणले, आणि मावशीचं काम त्यांनी स्वतः वीस वर्षं केलं आहे. एका गोष्टीला मात्र ते हटून बसले. "नमन तोडायचा नाय." गावदेवीचं नाव घेतल्याशिवाय धुमेवर पहिली थाप पडणार नाही. हिशेब करून सहा मिनिटं त्यांनी मागून घेतली.

सहा मिनिटांवरून तीन रात्री वाद घालावा असं त्यात काय आहे? ते कळायला शिमग्यात जावं लागतं.

रत्नागिरी जिल्ह्यात शिमगा फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून सुरू होतो. काही गावांचा शिमगा तेरसेचा, काहींचा पौर्णिमेचा, भद्रेचा. देवाची रुपी, म्हणजे मुखवटे, पालखीत लागतात, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, येते आणि मग घरोघर निघते. रत्नागिरी शहराचंच बघा. बारा वाड्यांचा भैरी वर्षातून एकदा देऊळ सोडून शहरभर फिरतो, झाडगावच्या सहाणेवर बसतो. एरवी माणसं देवाकडे जातात. शिमग्यात देव माणसांकडे येतो. खेळे, म्हणजे नमन करणारी मंडळी, तेही तसेच येतात. अंगणात मृदुंग वाजला की घरातली बाई दिवा आणि तांदूळ घेऊन बाहेर येते. खेळ्यांतला जाणता माणूस त्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घालतो: मुंबईला गेलेल्या पोराचं बरं होऊ दे, आजारी म्हातारीला बरं वाटू दे, लग्न लांबलेल्या मुलीचं जमू दे. संकासुरापुढे नवस बोलणारी घरं आहेत. पुढच्या वर्षी त्याच अंगणात नवस फेडला जातो, आणि संकासुराचं काम करणाऱ्याला त्या घरात वर्षभर काय झालं ते ठाऊक असतं.

म्हणजे नमनातलं वंदन हा त्या घरात शिरण्याचा उंबरठा आहे. तो न ओलांडता पुढचं सगळं केलं, तर हाती उरतो तो फक्त नाच. काकांना हे असं शब्दांत मांडता येत नाही. ते सहा मिनिटं मागतात.

काका मृदुंग शिकले ते गावात नाही, मुंबईत. 1980 च्या आसपास अठराव्या वर्षी ते परळला गावकीच्या खोलीत राहायला आले. एका खोलीत वाडीतले पंचवीस-तीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपणारे. भिंतीला ओळीने टांगलेल्या ट्रंका आणि वळकट्या. गिरणीत बदली कामगार म्हणून नाव लागतं न लागतं तोच 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. गिरणी गेली ती गेलीच. पण संपाच्या त्या रिकाम्या महिन्यांत खोलीतल्या एका वयस्क मृदुंगवाल्याने त्यांना हाताशी धरलं. खोलीत माणसं झोपलेली असायची म्हणून मृदुंग काढायचा नाही. ट्रंकेवर घोंगडी अंथरून, तिच्यावर बोटांनी बोल बसवायचे. घोंगडीवरून येईल तेवढाच आवाज. आठ महिने काकांनी खऱ्या मृदुंगाला हात लावला नव्हता. आजही ते वाजवताना बोटं फार उचलत नाहीत. नव्या पोरांना ती त्यांची शैली वाटते. ती त्या खोलीतल्या झोपलेल्या माणसांसाठी लागलेली सवय आहे.

कोकणातली लोककला गावाकडे जन्मली आणि मुंबईत जगली, हे विधान अतिशयोक्तीचं वाटेल, पण त्यात बरंच तथ्य आहे. गावोगावच्या मुंबई मंडळांनी वर्गणी काढून पोशाख शिवले, पडदे रंगवले. 1922 साली उभं राहिलेलं परळचं दामोदर नाट्यगृह हे नमनाचं आणि जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांचं हक्काचं घर झालं. तिथे तिकीट काढून, नोकरीवरून थेट डबा हातात घेऊन लोक आपल्या गावाचं नमन बघायला यायचे. पडदा पडण्याची वेळ ठरलेली असायची, म्हणजे काटछाट तिथेही होतीच. नोव्हेंबर 2023 मध्ये पुनर्विकासासाठी ते नाट्यगृह बंद झालं, तेव्हा काकांनी फोनवर आपल्या जुन्या साथीदारांना एकेक करून ती बातमी सांगितली, एखाद्याच्या घरी कुणी गेल्यावर सांगतात तशी.

जाखडीची गोष्टही याच वाटेची. तिला बाल्या नाच म्हणतात, कारण मुंबईत घरकामाला राहणारे कोकणातले गडी कानात बाळ्या घालत आणि शहर त्यांना बाल्या म्हणे. हिणवण्याचं नाव नाचाला चिकटलं, आणि नाचणाऱ्यांनी ते अभिमानाने मिरवलं. मध्ये गायक, ढोलकी आणि झांज. भोवती साधारण आठ जण पायात घुंगरू बांधून गोल फिरणारे, एकमेकांत जखडल्यासारखे. गौरी-गणपतीत ही मंडळं घरोघर जातात. शक्तीवाले प्रकृतीला थोर मानतात, तुरेवाले पुरुषाला, म्हणजे शिवाला. आणि त्यावरून गाण्यांतून सवाल-जवाब रंगतात. दिवसा लिफ्ट चालवणारा किंवा कारकुनी करणारा माणूस रात्री पुराणातला कूटप्रश्न टाकून समोरच्या शाहिराला गप्प करतो. चाली बऱ्याचदा सिनेमाच्या असतात. याबद्दल नाकं मुरडली जातात, पण मला त्यात काही गैर वाटत नाही. चाल ऐकणाऱ्याच्या ओळखीची असली की त्याचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं, आणि शाहिराला तेच हवं असतं.

मंडळाचा कीबोर्ड वाजवणारा मुलगा रत्नागिरीत कॉलेजला आहे. महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात त्याने काकांना मोबाइलवर आयर्लंडमधल्या एका उत्सवाची चित्रफीत दाखवली. एका लहानशा गावाचा रस्ता, कडेला कुठेही बसून व्हायोलिन आणि बासरी वाजवणारी माणसं, त्यांच्यात दहा-बारा वर्षांची पोरं, आणि मध्ये चार जोड्या, म्हणजे आठ जण, चौकोन करून नाचणारे. आठ हा आकडा काकांनी बरोबर टिपला. "आपल्यासारखंच हाय की," ते म्हणाले आणि चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा त्यांनी फक्त पाय बघितले.

तो उत्सव म्हणजे फ्ला क्योल. त्याची गोष्ट रत्नागिरीत बसून वाचावी अशीच आहे. आयर्लंडमध्ये पूर्वी नाच घरांतल्या स्वयंपाकखोलीत आणि रस्त्यांच्या तिठ्यांवर व्हायचे. 1935 साली तिथे कायदा झाला: सार्वजनिक नाचाला परवाना हवा. कायदा नृत्यगृहांसाठी होता, पण त्याचा बडगा घरातल्या नाचांवरही पडला. त्यात माणसं कामासाठी इंग्लंड-अमेरिकेला निघून जात होती. वाजवणारे उरले, पण वाजवायला घरं कमी झाली. तेव्हा 1951 साली मलिंगर या गावात काही वादकांनी एकत्र येऊन कोल्तस ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी पहिला फ्ला भरवला. आज या उत्सवाला लाखो लोक जमतात, आणि दर काही वर्षांनी तो नव्या गावाकडे जातो. तिथे वयोगटांप्रमाणे स्पर्धा असतात: बारा वर्षांखालची मुलं, पंधराखालची, अठराखालची आणि मोठी माणसं. परीक्षक समोर बसतात, एकेकाला मोजकी मिनिटं मिळतात. पण स्पर्धा संपली की तीच माणसं रस्त्यावर, खानावळीच्या कोपऱ्यात गोल करून बसतात आणि रात्र उलटेपर्यंत वाजवतात. तिथे परीक्षक नसतो आणि घड्याळही नसतं.

मोजकी मिनिटं काय करू शकतात, याचाही दाखला त्याच देशाचा. 1994 साली डब्लिनमध्ये युरोपभरच्या गीतस्पर्धेत निकालाची मतं मोजली जात असताना मधला वेळ भरायला एक नाच ठेवला होता. जेमतेम सात मिनिटांचा. त्याचं नाव रिव्हरडान्स. पुढच्या वर्षी त्याचा पूर्ण प्रयोग रंगमंचावर आला, मग तो जगभर फिरला, आणि आयरिश नाच शिकायला देशोदेशीची मुलं वर्गांत जाऊ लागली. कीबोर्डवाल्या मुलाला यात नमनाचं भविष्य दिसतं: चकचकीत प्रकाश, एका रेषेतले तीस नाचे, सात मिनिटं. त्याच्या डोळ्यांतली ती चमक मला आवडली. पण रिव्हरडान्सच्या मागे आयर्लंडमधले हजारो गल्लीबोळांतले वर्ग आणि फ्लासारखे उत्सव आधीपासून होते, हेही त्याला कुणीतरी सांगायला हवं. आपल्याकडे नमनाचा वर्ग नाही. शिमगा हाच वर्ग, आणि तो वर्षातून एकदा भरतो.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एक अडचण उभी राहिली. आयोजकांतल्या एकाने सुचवलं, की नमनाच्या शेवटी पालखी नाचवून दाखवा, लोकांना फार आवडते. मागणी प्रेमानेच होती. पालखी नाचवणं बघताना कुणाच्याही अंगावर काटा येतो. दोन खांदे, मध्ये दांडा, आणि तोल जातोय असं वाटता वाटता सावरणारी पालखी. पण शिमग्याच्या बाहेर रुपी लावायची नसतात. रिकामी पालखी नाचवावी का, यावर जुन्यांत मतभेद आहेत. काही मंडळं वेगळी पालखी करून घेतात, आत नारळ ठेवतात आणि ती नाचवतात. त्यांचं चुकतं असं कुणी म्हणू नये. काकांच्या मंडळाने नम्रपणे नाही म्हटलं. त्याऐवजी गोमूचा नाच दोन मिनिटं वाढवला. आयोजकांनी ते मान्य केलं, आणि त्या माणसाने नंतर येऊन काकांना रुपी म्हणजे नेमकं काय ते विचारून घेतलं. तो शहरात वाढलेला होता. त्याला आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं.

रात्री सव्वानऊला नाव पुकारलं. मंडळ चढलं. ध्वनिक्षेपकाची एक काठी मृदुंगाच्या उजव्या बाजूला होती. काकांनी ती हाताने ओढून डाव्या बाजूला घेतली. धुमा ऐकू गेली नाही तर नमन उभंच राहत नाही, हे तंत्रज्ञाला त्यांनी खुणेनेच सांगितलं आणि त्यालाही ते लगेच उमगलं. पहिली थाप पडली. धरतीला वंदन झालं, दिशांना झालं, गावदेवीचं नाव आलं. पहिल्या दोन मिनिटांत मागच्या खुर्च्यांतून कुजबुज होती, काही फोन उजळलेही. रिक्षावाल्या पोराचा अंदाज बरोबर होता. पण चौथ्या मिनिटाला काकांनी लय किंचित चढवली, झांजकऱ्यांनी ती उचलली, आणि पुढच्या रांगेतल्या पाच-सहा बायका टाळ्यांचा ठेका धरून गावदेवींची नावं मंडळाबरोबर म्हणू लागल्या. त्या कुठल्या गावच्या, ते कळायला मार्ग नव्हता. नावं मात्र त्यांना पाठ होती.

संकासूर आला तेव्हा पोरं रंगमंचाच्या कडेशी धावली. गोमूने पदर सावरत गिरकी घेतली आणि अख्खं मैदान ओरडलं. मावशी झालेल्या काकांच्या पुतण्याने रत्नागिरीतल्या खड्ड्यांवर एक पदरचा टोला हाणला, तो सगळ्यात जास्त वाजला. चोविसाव्या मिनिटाला मंडळ खाली उतरलं. एक मिनिट उरलं होतं.

उतरल्यावर एका तरुण बातमीदार मुलीने काकांना विचारलं, समोर एवढी माणसं बघून दडपण नाही येत? काका म्हणाले, माणसं दिसतच नाहीत. दिव्यांनी डोळे दिपतात, समोर काळोख असतो. मग वाजवता कसं, तिने विचारलं. "त्याची सवय हाय," एवढंच ते बोलले आणि मृदुंग घेऊन मागे गेले.

कमी लेखू नये असं या महोत्सवांत बरंच आहे. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात महिलांची नमन मंडळं उभी राहिली आहेत. जिथे गोमूसुद्धा पुरुषच व्हायचा तिथे बायका संकासूर झाल्या आहेत, मृदुंगावर बसल्या आहेत. गावातल्या मानापानाच्या चौकटीत त्यांना ही जागा सहज मिळाली नसती. रंगमंचाने ती आधी दिली, आणि मग काही गावांनी. "कोकणचा साज, संगमेश्वरी बाज" सारख्या प्रयोगांनी खेळ्यांची बोली नाट्यगृहात नेली, तेव्हा ज्या बोलीत बोलायला शहरात गेलेली पोरं लाजायची, तीच ऐकायला लोकांनी पैसे मोजले. मानधनाचा हिशेबही आहे. शिमग्यात मिळालेले तांदूळ, नारळ आणि पैसे देवळाच्या पेटीत जातात. महोत्सवाच्या मानधनातून मंडळाने नव्या झांजा घेतल्या आणि एका मृदुंगाची वादी बदलली.

मंडळ निघेपर्यंत साडेअकरा झाले. टेम्पोच्या हौद्यात पेट्या चढवण्याआधी काकांनी चाकूच्या बोथट बाजूने धुमेवरची कणीक खरवडली. ती तशीच राहिली तर चामडं कुजतं, मुंग्या लागतात. दिव्यांच्या उष्णतेने ती कडेने भाकरीसारखी कडक झाली होती, मध्ये अजून ओली होती. ओल्या फडक्याने धुमा पुसून त्यांनी मृदुंग चादरीत गुंडाळला.

हातखंब्याच्या पुढे महामार्गाला लागल्यावर कीबोर्डवाला मुलगा मोबाइलवर शिमग्याची यादी करायला बसला. कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, किती घरं, कुणाकडे जेवण. काका डोळे मिटून नावं सांगत होते, पोरगा लिहीत होता. मध्येच तो थांबला. सोळा घरं बंद आहेत, तो म्हणाला. माणसं मुंबईला, पुण्याला. दोन घरांत तर आता कुणीच उरलेलं नाही. ती वगळली तर एक दिवस वाचतो.

काकांनी डोळे उघडले. वगळायची नाहीत, ते म्हणाले. दारावर कुलूप असलं तरी अंगणात उभं राहायचं, घराचं नाव घ्यायचं, नमन म्हणायचं, आणि मग पुढे जायचं. त्यांनी तेवीस वर्षं असंच केलं आहे. पोराने ती सोळा नावं परत यादीत घातली आणि प्रत्येकापुढे पाच मिनिटं लिहिली. काकांनी त्याच्या हातातला फोन घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि सांगितलं, "पाच नाय, सहा लिव."